खालून तिसरं मॉडेल

विघ्नेश्वर हेगड्यांनी तीस वर्षं जीप चालवली, आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या बायकोने, शरावतीने, एकदाही चाक हातात धरलं नाही. तशी गरजच पडली नव्हती. सुपारी शिरसीच्या सोसायटीत पोचवणं, सासूबाई होत्या तोवर त्यांना दवाखान्यात नेणं, लग्नामुंजींना जाणं, सगळं तेच करत. गेल्या दसऱ्यानंतर मात्र हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने डावा डोळा गेल्यात जमा आहे आणि उजव्याचाही भरवसा नाही. चालायफिरायला हरकत नव्हती. गाडी मात्र बंद.

घर डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, बागेच्या पोटात. एसटी तिथवर येत नाही, आणि पावसाळ्यात रिक्षावालाही नाही म्हणतो. मुलगा समर्थ बंगळूरला असे. त्याने फोनवर सरळ हिशेब मांडला: गाई विकायच्या, बाग कुणाला तरी कसायला द्यायची आणि दोघांनी त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी यायचं. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. त्याचं काही चुकत नव्हतं. शरावतीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी शिकते गाडी. जूनपर्यंत जमलं नाही तर येऊ."

तिचं वय अठ्ठेचाळीस आणि उंची चार फूट नऊ इंच. शिरसीच्या ड्रायव्हिंग शाळेतल्या मास्तरांनी तिला खाली उशी घालून मैदानात गोल गोल फिरवलं. संक्रांतीच्या आठवड्यात लायसन हातात आलं. जीपच्या क्लचपर्यंत तिचा पाय पोचेना, म्हणून जीप विकली आणि नव्या गाडीचा शोध सुरू झाला. वळणांवर वळेल इतकी आखूड आणि दगडांवरून जाईल इतकी उंच पोटाची गाडी हवी होती. तशी एक सगळ्यांच्याच मनात भरली. अडचण एवढीच, की त्या एका गाडीची पाच मॉडेलं होती.

समर्थचं म्हणणं, टॉप घ्या. त्यात चारही बाजूंना कॅमेरे आहेत, स्क्रीन मोठा आहे, छप्पर उघडतं. विघ्नेश्वरांचं मत बेसला होतं, आणि ते केवळ काटकसरीपायी नव्हतं. जे नाही ते बिघडत नाही, हा त्यांचा जुना सिद्धांत. लोखंडी रिम वाकली तर गावचा लोहारही हातोडी मारून सरळ करतो. चकचकीत रिम दगडावर आपटली की तडकली. छपराचं तर त्यांना हसूच येई. "आमच्या मुलखात लोक छपराची भोकं बुजवण्यात आयुष्य घालवतात," ते समर्थला म्हणाले, "आणि तू मला जादा पैसे देऊन भोक पाडून घ्यायला सांगतोस."

फेब्रुवारीत दोघं बसने शिरसीच्या शोरूममध्ये गेली. तिथे बेस मॉडेल नव्हतंच. तिथला प्रज्वल नावाचा पोरगा म्हणाला, दाखवायला आणि चालवून बघायला टॉपचीच गाडी असते, बेस बुकिंग झाल्यावर मागवतो. सवयीने विघ्नेश्वर चालवणाऱ्याच्या जागेवर बसले. चाकावर हात ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहिले. शरावती डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली होती. प्रज्वलने विचारलं, गाडी कोण चालवणार? विघ्नेश्वरांनी मान न वळवता अंगठा मागे केला आणि उतरले.

प्रज्वलने दार धरलं, सीटच्या कडेला वाकून काहीतरी खटखट केलं आणि म्हणाला, "बसा अक्का." शरावती बनवासी रस्त्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आली. तिला बॉनेट दिसत होतं, रस्त्याच्या दोन्ही कडा दिसत होत्या, डावीकडच्या गटाराशी झोपलेलं कुत्रंही दिसलं. जीपमध्ये शेजारी बसून तिला इतकं कधी दिसलं नव्हतं. उतरल्यावर ती म्हणाली, "ही चालेल मला."

मग विघ्नेश्वरांनी बेस बुक केलं. इंजिन तेच ना? तेच. ब्रेक तेच? तेच. प्रज्वल एक शब्द खोटं बोलला नाही. सीटचं कुणी विचारलं नाही, कारण तिथे विचारण्यासारखं काही आहे हेच दोघांना ठाऊक नव्हतं. गाडीला सहा आठवडे लागणार होते.

मार्चच्या मध्याला तिम्मप्पा नायक म्हशीला टोचायला आला. हा तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. त्याने महिन्यापूर्वी तीच गाडी घेतली होती, पांढरी आणि बेस. म्हैस उरकल्यावर ओसरीवर धण्याजिऱ्याचं गरम कषाय पिता पिता तो गाडीचं कौतुक करू लागला. विघ्नेश्वरांना आपल्या निवडीला साक्षीदार मिळाल्यासारखं झालं. त्यांनीच सुचवलं की शरावतीने अंगणात एक फेरी मारून बघावी, म्हणजे हात बसेल.

शरावती गाडीत बसली आणि तिला वाटलं, आपण आकसलोय. चाकाच्या वरून माडांचे शेंडे दिसत होते, आभाळ दिसत होतं. बॉनेट कुठे संपतं ते कळत नव्हतं. डावीकडचा दगडी गडगा तर नाहीसाच झाला होता. ती पुढे सरकली, मान ताणली. मग तिला ती खटखट आठवली. तिने उजवा हात खाली घालून सीटची कड चाचपली. गुळगुळीत प्लास्टिक लागलं, बाकी काही नाही.

"तिम्मप्पा, ही सीट वर कशी होते?"

"वर? अक्का, ही पुढे होते, मागे होते. वर जायची ती वरच्या मॉडेलात. बेसवाल्यांनी देवाने दिलेल्या उंचीत भागवायचं."

विघ्नेश्वर हातातली काठी टेकत गाडीसमोर येऊन उभे राहिले. काठीचं टोक दिसतं का, त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. ते एक पाऊल मागे सरले आणि पुन्हा विचारलं. असं करत करत, टोक दिसलं तेव्हा त्यांची नऊ पावलं झाली होती. नववं पाऊल टाकून ते थांबले. ओढ्याच्या वळणावर त्यांचा रस्ता सहाच पावलं रुंद आहे, आणि डाव्या अंगाला कठडा नाही, खाली बाग आहे. हे सांगायची गरज कुणालाच नव्हती.

तरी माणूस एकदम हरत नाही. ते म्हणाले, शाळेत उशी घेत होतीस ना, तशी घे. शरावतीने आरामखुर्चीवरची उशी आणून खाली घातली. दिसायला लागलं खरं. तिने गाडी फिरवली आणि गोठ्याकडून वर येणाऱ्या चढावर नेली. चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हणून तिने क्लच दाबला, तशी उशी तिच्यासकट मागे घसरली आणि क्लचवरचा पाय निसटला. इंजिन हिसका देऊन बंद पडलं. गाडी चार हात मागे गेली आणि खतासाठी रचलेल्या पाल्याच्या ढिगात मागचा भाग घालून थांबली. शाळेच्या मैदानात चढ नव्हता, त्यामुळे उशीचं हे वागणं कुणी पाहिलं नव्हतं.

गाडीला ओरखडाही उठला नाही. तिम्मप्पाने मागून फिरून पाहिलं आणि म्हणाला, "हेगडे, खत तर भरपूर घातलंत. पावसाळ्यापर्यंत वाढून एसटी बस होईल हिची."

कुणी फारसं हसलं नाही. शरावती उशी काखेत घेऊन उतरली आणि पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांसमोर चौथा मजला आला असेल. तिम्मप्पा पाला झटकून निघून गेला. विघ्नेश्वर बराच वेळ अंगणात काठीने त्या नऊ पावलांच्या जागा टोकरत राहिले.

"मी माझ्या मापाने गाडी घेतली," शेवटी ते म्हणाले.

"जीपही तशीच घेतली होती," शरावती म्हणाली. "तेव्हा चालवायची तुम्हालाच होती."

त्यांनी प्रज्वलला फोन लावला. सीट वर करायचा तो दांडा कोणत्या मॉडेलापासून मिळतो? खालून तिसऱ्यापासून. नुसता दांडा बेसला बसवून मिळेल? नाही. बरं, तिसऱ्यात आणखी काय येतं? प्रज्वलने यादी सांगितली. चकचकीत रिम येत होत्या आणि छप्परही उघडतं होतं. ते नको असेल तर? ते काढता येत नाही सर, सगळं एकत्रच येतं. नव्याने मागवलं तर जुलै उजाडला असता. पण कुणीतरी बुकिंग रद्द केलेली एक गाडी हुबळीच्या गोदामात उभी होती. रंग तेवढा केशरी होता.

"केशरी म्हणजे कसा?" विघ्नेश्वरांनी विचारलं.

प्रज्वल इथलाच पोरगा. म्हणाला, "पिकल्या सुपारीसारखा, सर."

विघ्नेश्वरांनी पांढऱ्याखेरीज कोणत्याही रंगाच्या गाडीला आजवर नावंच ठेवली होती. फोन कानाला धरून त्यांनी पायरीकडे पाहिलं. शरावती उशीचा फाटका कोपरा आत खुपसत होती. "पाठवून द्या," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये गाडी आली. शोरूममध्ये पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात. प्रज्वलने ती विघ्नेश्वरांपुढे धरली. त्यांनी ती शरावतीकडे सरकवली आणि आपण डाव्या दाराकडे गेले. तिने दांडा ओढत ओढत सीट पार वर नेली, आरसे लावले आणि गाडी बाहेर काढली. बनवासी फाटा मागे टाकून गाडी घराच्या रस्त्याला लागली. ओढ्याच्या वळणावर ती थांबली, पहिल्या गिअरमध्ये डावी कड बघत बघत गेली. विघ्नेश्वरांचा उजवा पाय अधूनमधून आपोआप दाबला जात होता, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

जूनमध्ये समर्थ आला, तेव्हा गाई गोठ्यात होत्या आणि पाऊस चार दिवस थांबला नव्हता. त्याला बसथांब्यावरून आणायला शरावती आणि विघ्नेश्वर गेले. शरावती पिशवीभर औषधं घ्यायला समोरच्या दुकानात गेली, तेवढ्यात समर्थ उजव्या दाराने आत शिरला. गुडघे चाकाला अडले. त्याने हात खाली घालून दांडा शोधला.

"त्याला हात लावू नकोस," डावीकडून विघ्नेश्वर म्हणाले.

"अप्पा, माझे पाय मावत नाहीत."

"वर न्यायला तिला अकरा वेळा ओढावा लागतो. तू मागे बस."

समर्थ उतरून मागे बसला आणि वर बघून म्हणाला की एवढं छप्पर घेतलंत तर कधी उघडता तरी का. शरावती छत्री मिटत आत आली. विघ्नेश्वर म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." तिने गाडी सुरू केली.