ओठाजवळची बोटं

पडद्यावर बायकोचा चेहरा आला तसे फोटोवाले खुर्चीत सावरून बसले. आता कौतुक ऐकायचं होतं, आणि त्यांना त्याची चांगली सवय होती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी हा फोटोग्राफीचा वर्ग भरे. विद्यार्थी बारा. त्यातले अकरा पंचविशीच्या आतबाहेरचे आणि बारावे हे फोटोवाले, बासष्ट वर्षांचे. चौतीस वर्षं यांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला. पुढे लोक मोबाइलवर आपले आपणच फोटो काढायला लागले, दुकानाला टाळं लागलं, आणि गेल्या वर्षी बायको गेली. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हे मुलीला बघवेना, म्हणून तिनेच त्यांचं नाव इथे घातलं. "शिकायला नका जाऊ, शिकवायला जा," असं ती गमतीने म्हणाली होती. ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

वर्ग घेणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या, पण शिस्तीला पक्क्या. दर वेळी कोणीतरी एखाद्या माणसाचा फोटो आणायचा आणि तो पडद्यावर लागला की आणणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी आधी फक्त दिसतं ते सांगायचं. ते पुरतं संपलं की मग वाटतं ते. कोणाला दिसण्याच्या आधीच वाटायला लागलं, तर मॅडम हात वर करून थांबवत. फोटोवाल्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. कोणाचाही फोटो लागला की त्यांचं ठरलेलं असे: कपाळावर चमक आलीय, गालावर पुटकुळी आहे, तेवढं पुसून टाका. पोरांनी पाठीमागे त्यांचं नाव 'पुसून टाका काका' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना आवडलंही होतं.

आज त्यांची पाळी होती. जवळच्या माणसाचा फोटो आणायला सांगितला होता आणि त्यांनी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम आणलं होतं. बायको सव्वीस वर्षांची असतानाचा, दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं लावलेला फोटो. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, आमचा अस्साच काढा.

उजेड डावीकडून आलाय, एकाने सांगितलं. केस मागे बांधलेत. त्वचा एकसारखी आहे, कुठे तीळ नाही की सुरकुती नाही. फोटोवाले मनात फुलले. तेवढ्यात चष्मेवाली उठली. ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"हात हनुवटीपाशी आहे, पण हनुवटी त्याच्यावर टेकलेली नाही," ती म्हणाली. "दोन बोटं ओठाच्या कोपऱ्यावर आहेत. आणि ती नुसती ठेवलेली नाहीत. खालचा ओठ दबलाय."

आणखी कोणाला काही दिसतंय का, असं मॅडमनी विचारलं. नव्हतं. मग वाटतं ते सांगायची वेळ आली, तेव्हाही तीच बोलली.

"मला वाटतं, या काहीतरी झाकतायत. पण बोटांच्या आजूबाजूला तर झाकण्यासारखं काहीच नाही."

फोटोवाल्यांचे कान तापले.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बायकोच्या ओठाच्या कोपऱ्याशी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग उठला होता. कोड. डॉक्टरांनी सांगितलं, याने तुम्हाला काही होत नाही आणि दुसऱ्या कोणालाही होत नाही. पण डाग गालाकडे सरकत गेला आणि तिचा हात तेव्हापासून ओठापाशी जायला लागला. हा फोटो काढताना त्यांनी तिला दोनदा सांगितलं होतं, "हात खाली घे, मी बघतो त्याचं काय करायचं ते." ती हात खाली घेई आणि ऐन वेळी तो पुन्हा वर येई. शेवटी त्यांनी तसाच फोटो घेतला. हातामुळे आपलं पुढचं काम कमी झालं, याचं त्यांना बरंच वाटलं होतं. उरलेला डाग त्यांनी एका दुपारी साफ करून टाकला.

फोटो धुऊन झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने तिला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आलीय. कुणाची मुलगी?"

ते पोट धरून हसले होते. पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना त्यांनी हा विनोद म्हणून सांगितला. ती डबा घेऊन दुकानात आलेली असली तर तिच्यासमोरही सांगितला.

"काका, आता तुम्ही बोला," मॅडम म्हणाल्या. "हात असा का आहे?"

"पोज मीच दिली होती," फोटोवाले म्हणाले.

"तिथे काही होतं का?" चष्मेवालीने विचारलं.

"छे. काही नाही."

पोज छान आहे, असं म्हणून मॅडमनी दुसरा फोटो लावला. त्यात एका म्हाताऱ्याच्या नाकावर चांगला मसुराएवढा मस होता. सगळ्यांनी सवयीने मागे वळून काकांकडे बघितलं. काका काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून निगेटिव्हची खोकी काढली आणि खिडकीशी बसून एकेक फिल्म उजेडात धरायला सुरुवात केली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळा तीळ तिथे मोकळा ठिपका होऊन येतो, तो पेन्सिलीने भरायचा. ती पेन्सिल स्पिरिटच्या बोळ्याने केव्हाही पुसता येते. पण पांढरा डाग तिथे काळा येतो आणि तो बारीक पात्याने खरवडूनच काढावा लागतो. खरवडलेलं परत येत नाही. मुलीला मांडीवर घेतलेली बायको, समुद्रावर उभी असलेली बायको, बहिणीशेजारी बसलेली बायको. प्रत्येक फिल्मवर ओठापाशी त्यांच्या पात्याचे ओरखडे होते. एकही फोटो त्यांनी सोडला नव्हता. आपण तिच्यासाठी करतोय, असंच त्यांना वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा लक्षात आलं की तिने कधी पुसायला सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लाज बायकोला वाटत असेल, असं धरून ते चालले होते. ती लाज त्यांना वाटत होती. प्रत्येक फोटोतून डाग काढून टाकत, हात ओठापाशी न्यायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

मुलगी भाजी घेऊन आली तेव्हा ते तसेच पसाऱ्यात बसलेले होते.

"तुझ्याकडे आईचा एखादा फोटो आहे का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, तसा."

तसा म्हणजे कसा, हे तिने विचारलं नाही. मोबाइलमध्ये थोडं शोधून तिने तो त्यांच्या हातात दिला. गच्चीवर आई ओली चादर पिळत होती. चादरीचं दुसरं टोक बहुधा मुलीनेच सोडून दिलं असावं, कारण आई तोंड भरून हसत होती. ओठापासून कानापर्यंत गाल पांढरा झालेला.

"हा मला कधी दाखवला नाहीस."

"आई म्हणाली होती, बाबांना दाखवू नको. पुसत बसतील." मुलीच्या बोलण्यात राग नव्हता. ती भाजी निवडायला बसली.

पुढच्या रविवारी पाळी नसतानाही त्यांनी तो गच्चीवरचा फोटो लावायला दिला, आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. कोणीतरी दबकत म्हणालं, गालावर पांढरा डाग आहे, आणि मागे वळून बघितलं. फोटोवाले मान खाली घालून बसले होते. मग सगळेच बोलायला लागले. ऊन आहे. चादर ओली आहे. समोर फोटो काढणाऱ्या माणसाकडे बघून हसतायत. चष्मेवाली शेवटी बोलली.

"दोन्ही हात चादरीत आहेत. तोंडापाशी एकही नाही."

मागच्या वेळची बाई हीच, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, या कोण?

"माझी बायको."

"आणि गेल्या वेळच्या?"

"तीही हीच." फोटोवाले उभे राहिले, पण मान वर झाली नाही. "तिथे डाग होता. मी खरवडून काढला. असे सगळेच काढले. गेल्या रविवारी तुमच्याशी मी खोटं बोललो."

कोणी काही बोललं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ते खाली बसले. थोड्या वेळाने मॅडमनी पुढचा फोटो लावायला हात पुढे केला.

"मॅडम, अजून जरा राहू दे," ते म्हणाले. "माझा बघून व्हायचाय."

मॅडमनी हात मागे घेतला. मग फोटोवाल्यांनी मान वर केली आणि ओठाच्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली. आधी फक्त दिसतं ते.