चौथ्या फेरीचा टाळ

"आता वाजते पाह्य," नागोराव म्हणाले, आणि टाळ वाजला.

हर्षालीची बोटं कीबोर्डवर थिजली.

संध्याकाळी जैनथला कीर्तन होतं. नागोराव ओसरीत मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत बसले होते. टाळ वाजत होता तो मुलीच्या लॅपटॉपमधून.

"बाबा, तुमाले कसं समजलं?"

"त्यात काय समजाचं? तीन सोडून चौथा. घंटाभर झाला, चौथ्यावर हात आपोआप पडून राह्यला माहा."

हर्षालीने पडद्यावरचं घड्याळ पाहिलं.

हैदराबादच्या एका संस्थेचं काम ती आदिलाबादला घरी बसून करायची. क्वांटम संगणक म्हणजे अजून रांगतं पोर. जरा खुट्ट झालं की चुकतं. शिवाय ते परदेशात, परक्याच्या हातात. त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवायचा कसा? त्यासाठी दोन वर्षं खपून तिने एक रीत बांधली होती. खऱ्या गणिताच्या फेऱ्यांत मधूनमधून परीक्षेच्या फेऱ्या मिसळायच्या, ज्यांचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक. कोणती फेरी खरी नि कोणती परीक्षेची, हे यंत्राच्या मालकाला उमगता कामा नये. उमगलं, तर तो परीक्षेपुरता साव होईल आणि बाकी वेळी वाट्टेल ते ठोकून देईल.

आज बारा वाजता त्याच रीतीने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या एका औषधाचं गणित तिकडे जाणार होतं.

तिचा भाऊ भूषण सिकलसेलनेच गेला, बाविसाव्या वर्षी. बापाच्या मृदंगाला टाळ त्याचाच असायचा. लॅपटॉपमधला टाळही त्याचाच, मोबाईलमध्ये रेकॉर्ड होऊन राहिलेला. परीक्षेची फेरी आली की तो वाजायचा. कीर्तनाच्या घरातली पोर ती. सुरुवातीच्या सरावात कानाला बरं वाटावं म्हणून तिने परीक्षा दर चौथ्या फेरीला बसवली. नंतर काढू म्हणाली, आणि राहूनच गेलं.

आज शेवटची तालीम चालली होती. टाळ अजून चौथ्यालाच वाजत होता. बाबांना जे ओळखू आलं, ते यंत्राच्या मालकालाही येणारच.

अकरा चाळीस. तिघांनी तपासलेलं काम. गप्प बसलं तर कुणाच्या लक्षात येणार होतं? तिने विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहिलं. तिथेही दडायला जागा नव्हती.

तिने वरिष्ठांना फोन लावला. "कुलदीप सर, थांबवा. आज पाठवू नका."

"आता? यंत्रावरची ही वेळ सोडली तर पुढची सहा महिन्यांनी मिळेल, हर्षाली. वर काय सांगू?"

"माझी चूक आहे, म्हणून सांगा." तिने चूक सांगितली.

सरांनी विचारलं, "कुणी पकडली?"

"बाबांनी. मृदंग वाजवतात ते."

"उद्या बोलू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नागोरावांनी कणकेचा हात पुसला. "नोकरी जाते का व पोरी?"

"माहीत नाई, बाबा. लय भेव लागून राह्यलं."

"मंग सांगतलं काऊन?"

"भूषणच्या डब्यात खोटी गोळी पडली असती तर?"

नागोराव मान खाली घालून कणीक चाचपत राहिले.

हर्षालीने प्रोग्राममधली चौथ्याची ओळ पुसली आणि फेऱ्यांची निवड नशिबावर सोडली. परीक्षा कधी यायची, ते आता तिलाही आधी कळणार नव्हतं. तिने तालीम पुन्हा लावली.

"आता वळखा बरं, बाबा."

टाळ लागोपाठ दोनदा वाजला. मग नुसतीच शांतता. नागोरावांनी मनात मोजून हात उचलला. टाळ आला नाही. हात मृदंगावर अधांतरी राहिला. भूषण गेल्यानंतरच्या पहिल्या एकादशीला, भर कीर्तनात राहिला होता, तसाच.

मग टाळ वाजला, भलत्याच जागी.

"नाई सापडत," ते म्हणाले, आणि हात हळूच मांडीवर ठेवला. "बरं झालं. राहू दे असंच."