वाटीभर अंधार

डोळे मिटा बघू. चोरून बघायचं नाही, अगदी घट्ट मिटा. मिटले? आता समोर काय आहे? काळं आहे ना? आईच्या शालीत तोंड खुपसल्यावर दिसतं, तसं काळं. ते नीट पाहून ठेवा आणि मगच डोळे उघडा. कारण मी ज्या शहरातली गोष्ट सांगणार आहे, तिथे एवढंही काळं शिल्लक नव्हतं.

त्या शहरात दिव्यांचा उत्सव सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. पहिल्या दिवशी घाटावर दिवे लागले, दुसऱ्या दिवशी पुलावर, तिसऱ्या दिवशी झाडांवर. नवव्या दिवशी उत्सव समितीची माणसं घरोघर येऊन कपाटांत आणि पलंगांखाली दिवे लावून गेली. बाराव्या दिवशी चपलांमध्ये लावले. नदीत सोडलेले दिवे एकमेकांना इतके खेटून तरंगत होते की पाणी दिसत नव्हतं आणि बगळे त्यांच्यावरून चालत पलीकडच्या काठाला जात होते. रात्र पडायची बंद झाली होती. डोळे मिटले तरी आत उजेडच असे. लोक झोपत नव्हते. जिन्यात भेटले की एकमेकांना सांगत, "बरं झालं बाई, कामं तरी उरकतात."

केतकी नऊ वर्षांची होती. आई वृंदा आणि बाबा मकरंद यांच्याबरोबर ती दुसऱ्या मजल्यावर राहायची. त्याच इमारतीत जिन्याखाली शेवंताबाईंची खोली होती. तिला खिडकी नव्हती. जिन्याखाली कुणी राहतं हे समितीच्या यादीतच नव्हतं, त्यामुळे तिथे दिवा आला नाही. म्हणून तिथला अंधार तसाच राहिला.

त्या अंधारात जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असे आणि झोळीत शेवंताबाईंची तीन महिन्यांची नात झोपलेली असे. तिची आई मंगल घरी नव्हती. मंगलला उत्सवात दिव्याचं काम मिळालं होतं. म्हणजे डोक्यावर पेटती समई घेऊन पुलाच्या कठड्याशी उभं राहायचं. चाळीस दिवस. हलायचं नाही.

केतकी शाळेतून आली की दप्तर जिन्यातच टाकायची आणि तासभर त्या झोळीखाली आडवी व्हायची. तिथल्या अंधाराला वेखंडाचा आणि बाळाच्या धुरीचा वास होता. सगळ्या शहरात तेवढा एक तास, एक मुलगी आणि एक बाळ, एवढीच माणसं झोपत.

विसाव्या दिवशी वृंदाने होडीवर मेजवानी करायचं ठरवलं.

"सुलभावहिनींनी गेल्या वर्षी गच्चीवर केली," ती म्हणाली. "आपण होडीवर करू. फक्त आपली माणसं. बारा जण. केतकी, तू दिव्याची कविता म्हणायची. पाठ आहे ना?"

"आहे."

"हातवारे करून?"

"हो."

मकरंद परवानगी घेऊन आला. समितीच्या कार्डावर छापलं होतं: खाजगी मेजवानीस हरकत नाही. अंधार ज्याचा त्याने आणावा.

ते बरोबरच होतं. एवढ्या उजेडात दिवे दिसत नव्हते. दिवे पाहायचे तर होडीत कमरेइतका अंधार भरावा लागे आणि त्यात बसून बाहेर बघावं लागे. अंधार विरजणाने लागतो, हे वृंदाला माहेरी शिकवलेलं होतं. कोमट पाण्यात चमचाभर घालायचा, ढवळायचा, वर ताट झाकायचं आणि पातेलं आठ तास हलवायचं नाही. पण विरजण पाहिजे. ते घरात कुठे नव्हतं. वृंदाने डब्यांची झाकणं उघडून पाहिली, पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला, मकरंदच्या कोटाचे खिसे उलटे केले. सगळीकडे लख्ख.

"जिन्याखाली असेल," वृंदा म्हणाली. "केतकी, तू जा. तुला नाही म्हणणार नाहीत."

शेवंताबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत."

वृंदा वरच्या कठड्यावरून वाकली. "मावशी, दिवेलागण होऊन वीस दिवस झालेत! तुमचं आपलं काहीतरीच."

शेवंताबाईंनी वर पाहिलं. मग केतकीकडे पाहिलं. आत जाऊन त्यांनी फडताळातून एक स्टीलची वाटी आणली. वाटीवर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. मंगल हिच्या बारशानिमित्त'. त्यांनी झोळीच्या खालून, जिथे अंधार सगळ्यात दाट होता तिथून, चमचाभर काढून वाटीत घातला आणि वर आपला पदर झाकला.

"एवढाच हं. बाळापुरता राहिलाय. लागला की वाटी परत आण. आणि पोरी, वाटी रिकामी परत करायची नसते. ठाऊक आहे ना?"

"भरून आणीन, आजी," केतकी म्हणाली. "शप्पथ."

ती वर आली तेव्हा तिच्या मागे जिन्याखालची खोली किंचित पातळ झाली होती. झोळीवरची लुगड्याची किनार दिसू लागली होती. ती हिरवी आहे हे केतकीला त्या दिवशी कळलं.

पातेलं शालीत गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. आठ तासांनी झाकण काढलं तर अंधार लागला होता, पण सैल. संध्याकाळसारखा. वर निळं पाणी सुटलं होतं.

"कसं होणार?" मकरंद म्हणाला. "पाहुणे वाढलेत."

पाहुणे वाढले होते. बारांचे वीस झाले होते, कारण काकांना सांगितलं आणि काकूंच्या भावाला नाही सांगितलं, असं करता येत नाही. वृंदा एकेकाला फोन लावत होती, आणि प्रत्येक फोनबरोबर घाटावरची होडी एका फळीने लांब होत होती. विसांचे चाळीस झाले तेव्हा नावाड्याचा फोन आला.

"ताई, आता बास करा. शेपूट पलीकडच्या घाटाला टेकलंय. मला वळवायला जागा नाही."

"अजून चौघं आहेत हो. अगदी घरची."

"मग मला उतरू द्या, म्हणजे बसतील."

वृंदाने फोन ठेवला आणि पातेल्यात पळी फिरवली. "विरजणच कमी पडलं. शेवंताबाईंनी हात आखडता घेतला. तरी मला वाटलंच होतं."

"आई, आजींची वाटी भरून द्यायची आहे," केतकी म्हणाली. "आधी बाजूला काढ ना. आपण दह्याचं काढतो तसं."

"काढू गं. नंतर. आधी होडी तरी भरू दे."

या वेळी मकरंद स्वतः खाली गेला. दोन बादल्या आणि ओगराळं घेऊन. केतकी त्याच्या मागोमाग गेली.

"अहो मावशी, उद्या सकाळी दुप्पट परत," तो चप्पल काढता काढता म्हणाला. चप्पल काढून आत जायची त्याची पद्धत होती. "एकाच इमारतीत राहतो आपण. आम्ही काय पळून चाललोय?"

"दादा, बाळ झोपलंय."

"तिला काय कळतंय एवढं?"

त्याने चुलीमागचा अंधार काढला. ट्रंकेखालचा काढला. कोपरे ओगराळ्याने खरवडले. बादल्या भरत गेल्या तसतशी खोलीतली एकेक वस्तू वर येत गेली. तांब्या, कंगवा, मंगलची दांडीला टांगलेली साडी. खोली इतकी लहान आहे हे केतकीला माहीत नव्हतं. अंधारात ती पुष्कळ मोठी होती.

शेवटी झोळीखालचा राहिला. तो काढल्यावर मकरंदने झोळीत हात घातला. बाळाच्या मानेखालचा, मुठींमधला आणि पापण्यांच्या आतला अंधार त्याने अगदी हलक्या हाताने काढून घेतला. बाळाला धक्का लागू नये एवढी काळजी त्याने घेतली.

बाळाचे डोळे उघडले.

ते रडलं नाही. रडलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं पाहत राहिलं. शेवंताबाईंनी त्याच्या डोळ्यांवर पदर धरला. पदराआडूनही ते पाहत होतं.

"मावशी, तुम्ही पण या ना होडीवर," मकरंद दारातून म्हणाला. "खरंच या."

"येते की," शेवंताबाई म्हणाल्या. "बाळाकडे तुम्ही बसता का?"

मकरंद हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्याने बादल्या उचलल्या आणि डुचमळू न देता वर नेल्या.

त्या अंधाराचं विरजण उत्तम लागलं. पातेली, हंडे, प्रेशर कुकर, आंघोळीची बादली, सगळं काठोकाठ भरलं. वृंदाने बोट बुडवून पाहिलं आणि पहिल्यांदाच खूश झाली. केतकी हातात वाटी घेऊन उभी होती.

"आई, आता?"

"अगं, मोजून आहे. उरला की आधी आजींची वाटी."

होडीत अंधार ओतला. एकेक भांडं उपडं केलं. शेवटच्या पातेल्याच्या कडेने वृंदाने बोट फिरवलं, बोटाला लागलं तेवढं होडीत झटकलं, आणि पातेलं आतून आरशासारखं लखलखलं.

काहीच उरलं नाही. वाटी केतकीच्या फ्रॉकच्या खिशात होती.

होडी निघाली. चव्वेचाळीस माणसं कमरेइतक्या अंधारात बसली होती आणि बाहेर बघत होती. आता दिवे दिसत होते. एकेक वेगळा. माणसं 'आहा' म्हणत होती. नावाडी सुकाणूच्या दांड्याला लोंबकळत होता, कारण त्याची फळी पाहुण्यांनी घेतली होती.

"काय सुरेख लागलाय हो," सुलभावहिनी अंधारात हात घालून म्हणाल्या. "अगदी कवडी पडलीय. कुठून आणलात?"

"इश्श, आणायचा कशाला?" वृंदा म्हणाली. "घरीच लावला."

"वास कसला येतोय? छान आहे."

"केवडा असेल."

तो वेखंडाचा होता. केतकी हळूच मागच्या टोकाला सरकली. तिने वाटी बुडवली, भरली आणि वर काढली. चारी बाजूंनी उजेड वाटीत वाकला. तिने तळवा झाकला, तर बोटांच्या फटींमधून आला. बघता बघता अंधार निळा झाला, मग पाण्यासारखा झाला, आणि मग वाटीचा तळ दिसला. तिने पुन्हा भरली. पुन्हा तळ दिसला. तिने फ्रॉकचा घेर झाकून पाहिला. फ्रॉकच्या शिवणीतही समितीने बारीक दिवे लावलेले होते.

तेवढ्यात होडी पुलाखाली आली आणि अडकली. शेपूट अजून घाटावर होतं.

पुलाच्या कठड्याशी समया घेतलेल्या बायकांची रांग होती. सगळ्या समोर बघत होत्या. त्यांतली एक मान न हलवता, ओठ जेमतेम हलवून बोलली.

"आमच्या घरचा वास येतोय."

होडीतल्या माणसांनी माना वर केल्या.

"माझ्या खोलीतला अंधार आहे हा," मंगल म्हणाली. "कोण आहे खाली? बाळ झोपलं का?"

वृंदाने वर पाहिलं नाही. पण उत्तर तिनेच दिलं. "झोपलंय हो! शांत झोपलंय. तुम्ही आपलं काम करा." मग तिने टाळी वाजवली. "चला, आता केतकी कविता म्हणणार आहे! केतकी, कुठे आहेस? ये पुढे."

"म्हण बाळा, म्हण," काका म्हणाले.

"लाजते काय? मोठ्याने म्हणायचं हं. तोंड उघडून," काकू म्हणाल्या.

केतकी मागच्या टोकाला वाकलेली होती. होडी सोडली तर शहरात आता उजेड न शिरलेली एकच जागा राहिली होती, आणि तिथे दिवा लावायचं समितीला सुचलं नव्हतं. तिने होडीच्या तळाशी, जिथे अंधार सगळ्यात दाट होता तिथे, तोंड बुडवलं. गाल फुगेपर्यंत भरून घेतलं आणि ओठ मिटले. तो गार होता. जिभेवर धुरीची चव आली.

ती उभी राहिली. चव्वेचाळीस माणसांनी आपापले मोबाइल वर करून त्यांचे दिवे तिच्या तोंडावर धरले.

"केतकी, म्हण ना," वृंदा म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "नाटकं करू नकोस. सगळे बघतायत."

"अगं, निदान नाव तरी सांग!" सुलभावहिनी म्हणाल्या, आणि सगळे हसले.

"कोण, केतकी आहे का खाली?" पुलावरून मंगलने विचारलं. समईची ज्योत थरथरली, पण मंगल हलली नाही. "केतकी, तू तरी सांग गं. बाळ झोपलं का?"

केतकीने वर मंगलकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. वृंदाने हात पुढे केला होता, हनुवटी धरून तोंड उघडायला धरतात तसा.

केतकीने खिशातली वाटी काढून छातीशी धरली, ओठ आणखी घट्ट दाबले आणि होडीच्या काठावरून घाटाच्या दिशेने, नदीतल्या दिव्यांवर पाय टाकला. पहिला दिवा तिच्या तळव्याखाली चर्र करून विझला. ती क्षणभर त्यावर उभी राहिली. मग तिने दुसरा पाय उचलला.