माळ्यावरचा अ‍ॅम्प

नबीलाने सकाळपासून चौथ्यांदा वाजवलेलं पुसून टाकलं आणि हेडफोन गादीवर फेकले. गिटार काही वाईट नव्हती, हातही ठीक पडत होता. पण वायर थेट कॉम्प्युटरला जोडून घेतलेला आवाज ऐकला की डब्यात माशी अडकल्यासारखं वाटे. त्यावर कॉम्प्युटरमधलाच घुमारा चढवून पाहिला, तर माशी मोठ्या डब्यात गेली, एवढंच.

धाकटा भाऊ अकिब दोहाला नोकरीला. लहानपणापासून त्याने गायचं आणि तिने वाजवायचं, हे ठरलेलं. त्याच्या नव्या गाण्यासाठी तिने दोनदा गिटार वाजवून पाठवली, दोन्ही वेळा त्याने कौतुक केलं. मग परवा हळूच लिहिलं, "इथे ओळखीचा एकजण वाजवतो. तुला शाळेच्या गडबडीत जमत नसेल तर त्याच्याकडून घेतो. शुक्रवारपर्यंत सांग."

आज शुक्रवार, ती शिकवायची त्या उर्दू शाळेला सुट्टी. आपल्याशिवाय त्याचं गाणं होईल, हे नबीलाला फार लागलं होतं.

गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, म्हणजे अ‍ॅम्प, घरात होता. चांगला, जुना, भरदार आवाजाचा. पण महाडात जूनमध्ये जे माळ्यावर चढतं ते पावसाळा सरल्याशिवाय उतरत नाही. एकवीस सालच्या पुरात यांचा फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत बाहेरच्या ओट्यावर आला होता. तेव्हापासून अम्मीपुढे, म्हणजे जहांआरापुढे, कोणाची मात्रा चालत नसे.

"अम्मी, तासाभरासाठी काढते. लगेच ठेवते."

"नाय." जहांआरा भाकरी थापत होती. "पाणी काय विचारून येतं?"

"ऊन पडलंय बाहेर."

"पडू दे."

नबीला दाराशीच उभी राहिली. जहांआराने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"अकिबचं हाय का?"

"हो."

"मग तूच जा की वर. पेटी खाली आणू नको म्हटलं. वर वाजवू नको कुठं म्हटलं?"

चार पावसाळे नबीला वायर जोडून डोकं फोडत होती आणि एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. स्वतःलाच दोन शिव्या देत ती गिटार घेऊन शिडी चढली.

माळ्यावर गुडघ्यावरच बसावं लागे. चहूबाजूंनी गाद्या, गोधड्या आणि तांदळाची पिंपं. तिने अ‍ॅम्पचं प्लास्टिक सोडलं, शेजारी बोललेलं ऐकू येईल इतपतच आवाज ठेवला. माइक ओढणीने ट्रंकेच्या कडीला बांधला, अ‍ॅम्पच्या जाळीपासून वीतभर लांब, मध्यापासून जरा बाजूला. मग वाजवलं. बोट तारेवरून सरकलेलं ऐकू आलं, तार सोडल्यावर उरलेला सूर ऐकू आला. गोधड्यांनी बाकीचं सगळं गिळलं होतं. खाली भाकरीची थापथाप थांबली होती.

तिने काहीही न चढवता तसंच पाठवून दिलं.

अर्ध्या तासात फोन आला.

"आपा, दुसऱ्या कडव्यात किती पळतेस? मी श्वास कुठे घेऊ? परत वाजव."

"आणि तो तुझा ओळखीचा?"

"त्याला नाही म्हणून कळवलं. तू आधी दुसरं कडवं नीट कर."

दोहाला गेल्यापासून दोन वर्षांत त्याने तिची एकही चूक काढली नव्हती. नबीलाला इतका आनंद झाला की तिने पाय लांब करून गाद्यांना पाठ टेकली.

"मी पळत नाही," ती म्हणाली, "तूच ओढत बसतोस."

भांडण चांगलं वीस मिनिटं चाललं.