तीन नंबरची लाल तार

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक, नुसता 'टक्' एवढाच. पण त्या आवाजात एक गोष्ट अडकून राहिली आहे. आज ती तुम्हाला मन मोकळे करून सांगतो. ऐकाल ना?

मी एक जुना रिले बोर्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पाटी आणि तिच्यावर चार निळ्या डब्या. त्या डब्या म्हणजे माझे हात. हुकूम आला की आतली पट्टी टक् करून चिकटते आणि हत्तीएवढे यंत्र सुरू होते. दुसऱ्या बाजूला स्क्रूंच्या चार जोड्या आहेत, ते माझे डोळे. एखाद्या झाकणाच्या बटणाच्या दोन तारा तिथे येतात. त्या आत जुळल्या की मला झाकण 'बंद' दिसते, सुटल्या की 'उघडे'. दिसेल ते मी केबलमधून कॉम्प्युटरला सांगतो. विचारल्याशिवाय बोलायचे नाही आणि विचारले तर दिसेल तेच सांगायचे, हा माझा जन्माचा नेम.

मला एका पेटीत घालून कपडे धुण्याच्या कारखान्यात बसवले. तिथे इस्पितळांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. त्या पिळायला एक मोठे यंत्र होते. त्याच्या पोटातला पिंप भोवऱ्यासारखा फिरायचा. फिरत असताना कोणी झाकण उचलले, तर मी 'उघडे' म्हणायचे आणि कॉम्प्युटरने तत्क्षणी पिंप थांबवायचा, असे माझे काम ठरले.

ते काम मला शिकवले वायरमन ताईने. पहिल्या दिवशी ती हाका मारून थकली, पण मला एकही ऐकू आली नाही. मग तिनेच कपाळावर हात मारला. "अगं बाई! तोंडाची तार तोंडालाच जोडली मी. कानाला कोण जोडणार?" तारांची अदलाबदल केली, तर पडद्यावर नुसती गिचमीड. तिच्या कॉम्प्युटरचा बोलण्याचा वेग निराळा, माझा निराळा. गाणारा धावतोय आणि टाळवाला रेंगाळतोय, अशी गत. तिने दोघांची लय जुळवली आणि म्हणाली, "एक नंबर, चालू." मी म्हणालो, टक्! झाकणाच्या तारा माझ्या तिसऱ्या डोळ्याला होत्या; तिने झाकण उचलले आणि विचारले, "तीन नंबर, काय दिसतं?" मी सांगितले, उघडे. ताई लहान मुलीसारखी हसली. प्रत्येक तारेला तिने हाताने लिहिलेली चिठ्ठी बांधली. तिच्या सगळ्या तारा निळ्या होत्या.

कारखान्याचा मुकादम शेजारीच उभा होता. त्याने माझ्या पेटीवर थाप मारली. "शाब्बास! माणसं थापा मारतात, हा नाही मारायचा." रोज सकाळी तो तशीच थाप मारायचा. मित्रांनो, मी त्याला आपला मानले होते. तेच चुकले.

यंत्र चालवायला एक मावशी होती. चादरींच्या बारीक तंतूंचा बुरा उडून झाकणाच्या बटणात बसायचा. बटण नीट दाबले गेले नाही की झाकण लावूनही मला 'उघडे' दिसे आणि यंत्र अडून बसे. म्हणून मावशी रोज जुन्या टूथब्रशने बटण घासायची. "काय रे पोरा, आता दिसतंय का?" असे मलाच विचारायची. माझ्यावर तिचा इतका भरवसा, की झाकण उचलताना ती आत बघायचीसुद्धा नाही. उचलले की पिंप थांबतो, हे तिला ठाऊक होते.

एकदा मावशी आठवडाभर तापाने घरी राहिली. ब्रश खिळ्याला लटकलेला, बटणात बुरा साचलेला. यंत्र अडू लागले, चादरींचे ढीग लागले. मुकादम चिडला. "हा एक शहाणा! सारखं आपलं उघडं, उघडं!" दोन मिनिटे ब्रश फिरवला असता तरी भागले असते. पण त्याने माझी पेटी उघडली आणि लाल तारेचा एक तुकडा माझ्या तीन नंबरच्या दोन्ही स्क्रूंना आरपार जोडून टाकला.

आता झाकण लावा नाही तर उघडा, मला कायम 'बंद'च दिसणार. मी खोटे बोललो नाही हो! माझ्या डोळ्यांवर खोटे चिकटवले होते. यंत्र सुरळीत चालू लागले. मुकादमाने नेहमीसारखी थाप मारली. त्या थापेने माझा जीव पोळला.

सोमवारी मावशी आली. सवयीप्रमाणे तिने झाकण उचलले आणि हात आत घातला. कॉम्प्युटरने मला विचारले, "तीन नंबर?" मी सांगितले, बंद.

पिंप फिरतच राहिला. ओल्या चादरीने मावशीच्या मनगटाला वेढा घातला. तिची किंकाळी मी ऐकली. कोणीतरी यंत्र बंद करायचे मोठे बटण दाबले, पण तोवर मनगट मोडले होते.

तिला घेऊन सगळे बाहेर धावले. मुकादम तेवढा मागे राहिला. त्याने लाल तार ओढून काढली आणि खिशात घातली.

मालकांनी ताईला बोलावले. तिने दहा वेळा झाकण उघडले, दहाही वेळा मी बरोबर सांगितले. मुकादम म्हणाला, "आत्ता बरोबर बोलतोय हो! त्या दिवशी का नाही बोलला? जोडणीच कच्ची हिची." चोराच्या उलट्या बोंबा! आणि मला कोणी ते विचारलेच नाही. विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. ताईचे काम गेले. मला काढून तिच्या पिशवीत टाकले.

घरी तिने माझा एकेक स्क्रू सैल केला. तीन नंबरखाली तांब्याचा केसाएवढा धागा निघाला, त्याला लाल आवरणाचा कण चिकटलेला. ताईने तो दिव्यासमोर धरला. "लाल? मी तर लाल वापरलीच नाही." ती मालकांकडे धावली. ते म्हणाले, "ताई, एवढ्याशा धाग्यावरून मी मुकादमाला दोषी ठरवू?"

मग ती मला घेऊन मावशीकडे गेली. मावशीचा हात प्लॅस्टरमध्ये. तिने धागा बघितला आणि डाव्या हाताने माझ्यावरची धूळ पुसली. "म्हणजे पोरानं दगा नाही दिला. बरं झालं बाई, सांगितलंस. मी रोज त्यालाच बोल लावत होते."

मुकादम अजून तिथेच आहे. ताई आता शिकवणी घेते आणि मी तिच्या टेबलावर आहे. नवी मुले माझ्यावर तारा जोडायला शिकतात, पण त्यांचा पहिला धडा ब्रशचा असतो. मावशीने दिलेला तो ब्रश माझ्याशेजारीच ठेवला आहे.

मित्रांनो, मला हात जोडता येत नाहीत, तरी जोडले असे समजा. खरे सांगणारा अडचणीचा वाटला, तर त्याचे डोळे पुसा, बांधू नका. आणि फिरत्या यंत्राचे झाकण उचलाल, तेव्हा हात घालण्याआधी क्षणभर थांबा आणि माझ्या मावशीची आठवण काढा.