स्वयंपाकघराचा चार्ज

फ्लूची साथ आली आणि सुपेल्याच्या बाजारात लोक तोंडाला रुमाल बांधून भाजी घ्यायला लागले, त्या दिवशी सत्यभामेनं कंबर कसली. आणि सत्यभामेनं कंबर कसली म्हणजे वैशाली नगरातल्या त्या घरात कुणाची धडगत नसायची. चादरी, खोळी उकळत्या पाण्यात गेल्या. फाटकाशी बादली आणि साबण आला. अंगणापलीकडच्या खोलीतलं भंगार निघून तिथं खाट पडली, आणि गंजून बसलेली खिडकी तिनं नवऱ्याला तेल घालायला लावून उघडवली. तापाच्या गोळ्या, थर्मामीटर, मास्क, वेगळी थाळी, वेगळा गिलास, सगळं त्या खोलीत मांडून झालं. फ्लूची लस तर घरात सगळ्यांनी आधीच घेतली होती.

एवढा आटापिटा होता तो सुनेसाठी. भाग्यश्रीला सातवा महिना लागला होता आणि मुलगा अभिनव रेल्वेच्या ट्रेनिंगला बिलासपूरला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, लस घेतली तरी गाफील राहू नका, पोटुशी बाईच्या छातीत हा ताप उतरला तर दोन जिवांशी खेळ होतो. घरात कुणाचं अंग तापलं की त्याला लगेच वेगळं करा.

तिचा नवरा शेषराव पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेला. सारी नोकरी त्यानं क्रेनच्या केबिनमध्ये काढली. त्यानं तयारी बघितली, मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, सगळं ठीक आहे, पण तुझा रिलीव्हर कोण? प्लांटमध्ये शिफ्ट संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय कुणी मशीन सोडत नाही. आणि नुसतं सोडायचं नसतं. मशीनमध्ये काय काय बिघाड आहे ते बदलीवर आलेल्या माणसाला सांगायचं, त्यानं ‘चार्ज घेतला’ म्हटलं की मगच खाली उतरायचं.

सत्यभामा खो खो हसली. मला काय धाड भरली आहे, म्हणाली. आता बघा, एवढी हुशार बाई, घरातल्या प्रत्येकाच्या आजारपणाची सोय केली आणि स्वतःला विसरली! शेषरावानं पिच्छा सोडला नाही तेव्हा तिनं त्याला गॅस दाखवला, मिठाची बरणी दाखवली, आणि झाला म्हणे चार्ज. बिघाड काय आहे, त्यानं विचारलं. माझ्या स्वयंपाकघरात कशाचा आलाय बिघाड, असं म्हणून तिनं त्याला बाहेर काढलं.

बिघाड पुष्कळ होते. पण कुठली वस्तू कशी चुचकारून चालवायची हे एकटीला ठाऊक असण्यात तिचं सुख होतं. लग्न होऊन भंडाऱ्याकडून आली तेव्हापासून या घरात तिचं म्हणून जे काही होतं, ते ओट्यापाशीच होतं. ते दुसऱ्याला कळलं तर आपण उरलो कशाला, असं तिला वाटायचं.

आणि एका सकाळी तिचाच घसा धरला. थर्मामीटर लावला तर चांगलाच ताप. एक मात्र खरं, तिनं लपवलं नाही. मास्क बांधला, लांबूनच नवऱ्याला सांगितलं आणि आपणच मांडलेल्या खोलीत जाऊन आपणच कडी लावली. डॉक्टरीणबाईंना फोन झाला, औषध सुरू झालं.

दुपारी शेषरावानं खिचडी लावली, तिला पडल्या पडल्या कुकरचा आवाज आला. शिट्टी होईना. नुसती फसफस, झाकणाखालून वाफ निघत असणार, पाणी आटून खिचडी करपणार. मग वासच आला. सून उपाशी राहील, नाहीतर ती बिचारी जड अंगानं ओट्याशी उभी राहील. सत्यभामा उठली, पदर खोचला आणि कडीला हात घातला.

बाहेरून शेषरावाचा आवाज आला. तो दाराशीच उभा होता.

“कडी काढू नको. बिघाड सांग.”

ती दाराला टेकून उभी राहिली. डोळे तापानं चुरचुरत होते.

“कुकरचा रब्बर ढिला हाय,” ती शेवटी म्हणाली. “थंड्या पान्यात ठेवा लागते, मंग लावाचा.”

“आनखी?”

मग एकेक निघत गेलं. लहान बर्नर आधी फुंकावा लागतो. मिक्सरचं झाकण हातानं दाबून धरावं लागतं. तेलाचं कॅन गळतं म्हणून खाली ताटली आहे. तुरीच्या डब्यात वर जुनी डाळ आहे, ती शिजत नाही, खालची घ्यायची. सांगता सांगता तिला धाप लागली. शेषराव प्रत्येक गोष्टीला हूं म्हणत होता.

“झालं? का आनखी काही हाय?”

तिनं कडीवरचा हात काढला.

“काल सकाळी म्या तिच्या केसाले तेल लावून देल्लं,” सत्यभामा म्हणाली. “जवळ घेऊन बसली होती. मले लई भेव लागून राह्यलं जी.”



“ते बी घेतलं,” शेषराव म्हणाला. “चार्ज घेतला म्या. झोप आता.”

ती खाटेवर आडवी झाली आणि रडली. रडता रडता तिला झोप लागली, आणि झोपेतच कुठंतरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

पुढचे दिवस शेषराव खिडकीत पातळ खिचडी ठेवायचा, कधी खारट, कधी अळणी. भाग्यश्री अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभी राहून थर्मामीटर उंच धरायची आणि ओरडायची, “नॉर्मल है आई!” एवढ्या लांबून आकडा कसला दिसतो, तरी सत्यभामा डोळे बारीक करून बघायची.

ताप गेला, डॉक्टरीणबाईंनी मोकळं केलं. भाग्यश्रीला शेवटपर्यंत साधी शिंकसुद्धा आली नाही. सत्यभामा आंघोळ करून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आली. शेषराव ओट्याशी उभा होता, खांद्यावर तिचाच नॅपकिन. ती आत शिरली नाही, उंबऱ्यावरच थांबली.

“काय बिघाड हाय, सांगा.”

त्यानं रीतसर सांगितलं. नवा रबर आणून बसवला आहे. कढईचा एक कान तुटला. हळद सांडली, ओटा पिवळा झाला, घासूनही निघत नाही.

“आनखी?”

शेषरावानं खांद्यावरचा नॅपकिन काढला, नीट घडी केली आणि तिच्या हातात दिला.

“मले बी भेव लागलं होतं,” तो म्हणाला. “तुह्यासाठी. ड्यूटीवर होतो, म्हनून बोललो नाई.”

सत्यभामेनं नॅपकिन आपल्या खांद्यावर टाकला.

“घेतला चार्ज,” ती म्हणाली. “बसा आता. चहा ठेवते.”