टिकावाच्या खुणा

त्या एप्रिलमध्ये मिनोरीच्या फोनमध्ये मैत्रिणींपेक्षा खड्ड्यांचे फोटो जास्त होते. बर्फ वितळला की शिरानाई गावातले रस्ते खपल्या निघाव्यात तसे उखडतात. यंदा नगरपालिकेने "फोटो पाठवा, आम्ही बुजवू" असं जाहीर केलं, आणि दहावीतल्या मिनोरीला वाटलं, आपला जन्म यासाठीच झालाय! एकोणीस फोटो, प्रत्येकाखाली ठिकाण आणि खोली. रस्ते विभागातले ताकेबे तिला फोनवर "बोला, इन्स्पेक्टरबाई" म्हणायचे आणि मग दिवसभर तिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

पण तिच्या स्वतःच्या गल्लीतले खड्डे वेगळेच होते. बाकी गावात डांबर चहात पडलेल्या बिस्किटासारखं सुटलेलं. इथे मात्र ओळीने तीन घरांसमोर, आजूबाजूचा रस्ता ठणठणीत असताना, मध्येच गोल गोल भोकं. त्यातल्याच एकात ओतोवा आजींचा पाय अडकला आणि मनगट मोडलं.

ताकेबे येऊन उकिडवे बसले, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे थंडीचं काम नाही. कुणीतरी वरून लोखंड मारलंय."

मिनोरीच्या डोक्यात एकच नाव चमकलं.

कुरामोची आजोबा. गल्लीच्या टोकाला एकटे राहायचे. रोज सकाळी शाळेजवळच्या चौकात पिवळा झेंडा घेऊन लहान मुलांना रस्ता ओलांडून द्यायचे. पण ही गल्ली नव्याने डांबरी करा म्हणून पाच वर्षं नगरपालिकेशी भांडणारेही तेच. "कुणी पडल्याशिवाय ह्यांना जाग येणार नाही," असं ते सगळ्यांदेखत ओरडले होते.

"म्हणून स्वतःच खड्डे पाडतायत?" सायो म्हणाली. ती मिनोरीची मैत्रीण. "अगं, त्यांना मोजे चढवायला दहा मिनिटं लागतात!"

"मी पाहिलंय ना. शाळेआधी खड्ड्यापाशी वाकलेले असतात, हातात लोखंडी कांब. खुपसतात, ढवळतात. कुणी आलं की पटकन पाठीमागे!"

"माझे बाबा मला बघून सिगारेट लपवतात. ते काय दरोडेखोर झाले?"

"तू गप गं. तुला तपासातलं काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी विजेच्या खांबाआडून मिनोरीने फोटो काढला. वाकलेले आजोबा, कांब, खड्डा. तो तिने ताकेबेंना पाठवला आणि गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांनाही.

दोन दिवसांनी गल्लीची फाइल आली. सूचनांची ही फाइल घरोघर फिरते आणि वाचली म्हणून प्रत्येक घर आपल्या चौकोनात शिक्का मारतं. त्यात एकच ओळ होती: "सोमवारपासून चौकातल्या झेंड्याचं काम नोगुची ताई बघतील." कारण लिहिलं नव्हतं. कुरामोचींचा चौकोन कोरा होता.

आई शिक्का शाईत दाबत म्हणाली, "बायको गेल्यापासून त्या माणसाला सकाळी उठायला तेवढं एकच कारण होतं."

"खड्डे पाडताना आठवायचं होतं," मिनोरी म्हणाली. पण अर्धा भात तिने तसाच ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा गेली. आणखी एक फोटो, म्हणजे मनातली रुखरुख कायमची जाईल. आजोबा तिथेच होते. या वेळी त्यांनी कांब लपवली नाही.

"ये, ये. खांबाआडून चेहरा नीट येत नाही म्हणतात." त्यांनी कांब तिच्या नाकासमोर धरली. "आता हिचा काढ. टोकाचा."

टोक चार बोटं रुंद होतं आणि चपटं.

"आणि हे भोक बघ. अजून फुटलं नाहीये." डांबरात जेमतेम अंगठा जाईल एवढं छिद्र होतं, आत निमुळतं होत गेलेलं. "ही टिकावाची खूण आहे, टोकदार टिकावाची. भोकात पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, की उडालं डांबर. तीस वर्षं बर्फ काढायची गाडी चालवलीय मी. कुणाच्या घरात असा टिकाव आहे तेच शोधतोय, गुपचूप. प्रत्येक भोक तपासतोय. आहे का गं तुला काही माहीत?"

मिनोरीने फोन खाली केला.

मार्च संपता संपता सगळी गल्ली दारासमोरच्या रस्त्यावरचा घट्ट बर्फ फोडते आणि तुकडे उन्हात, चाकांखाली फेकते. यंदा बाबा खेकडे पकडायच्या बोटीवर होते. मिनोरीने त्यांचा टिकाव उचलला, पहिल्याच घावाला बर्फ फाटला आणि ती अशी काही खूश झाली की थांबलीच नाही! आपलं घर, शेजारचे मुराई, पलीकडच्या ओतोवा आजी. आजींनी "अस्वलासारखी ताकद गं तुझी" म्हणत दोन संत्री दिली होती. तीन घरं. ओळीने.

बोलली नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. टिकाव गंजक्या पत्र्यांमागे पडला होता, आणि संशय घ्यायला माणूस आधीच मिळालेला होता. तिनेच शोधून दिलेला.

तासाभराने खड्डे बुजवायचा ट्रक घेऊन ताकेबे आले तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध टिकाव घेऊन उभी होती. "मी केलंय."

ताकेबेंनी आधी तिच्याकडे, मग आजोबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे बारीक झाले. "यांनी पढवलं का तुला?"

"मी?" आजोबा उसळले. "या पोरीने मला चोर ठरवलं, आणि मी हिला पढवू?"

मिनोरीने टिकावाचं टोक त्या छिद्रात सोडलं. म्यानात तलवार बसावी तसं ते बसलं.

"किती घाव घातलेस?" ताकेबेंचा आवाज उतरला होता. आज 'इन्स्पेक्टरबाई' नव्हती.

"मोजले नाहीत."

"मग आता मोज. एकेक दाखव."

सव्वीस निघाले. शाळा बुडाली. दुपारी तिने अध्यक्षांकडून फाइल मागून घेतली आणि नवा कागद लिहिला: खड्डे कुणी पाडले, नाव चुकीचं कुणी घेतलं, झेंडा कुणाकडे राहायला हवा. फाइल ती स्वतः घेऊन फिरली. मुराईकाकांनी वाचून तिच्या हातांकडे असं पाहिलं की तिने ते खिशात घातले. ओतोवा आजींनी डाव्या हाताने शिक्का मारला, आणि संत्री काही दिली नाहीत.

शेवटचं दार कुरामोचींचं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, उलटा करून मागेही पाहिला.

"माफी कुठे आहे यात?"

"तिसऱ्या ओळीत."

"फार बारीक लिहिलीय."

मिनोरीने तिथेच दारातल्या पायरीवर बसून पेन काढलं आणि ती ओळ खोडून मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायला घेतली. शिक्का हातात धरून आजोबा तिच्या डोक्यावर उभे होते, एकेक अक्षर तपासत.